घुम्याच्या ताटात काय होतं

आमच्या कारखान्यात लोखंडी कपाटं रंगवतात. रंगाच्या खोलीत दोनच माणसं. एक फवारा मारतो, दुसरा दारं फिरवून देतो. फवारा मारतो तो घुम्या. जात्याच अबोल, त्यात दिवसभर तोंडावर मास्क. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

दर सहा महिन्यांनी आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, पाळी सुटली की या दोघांनी कारखान्याच्या दवाखान्यात लघवीची बाटली आणून द्यायची. थिनरची वाफ अंगात किती गेली ते त्यातून कळतं. बाटलीला चिठ्ठी लावायची आणि दोन दिवसांत काय खाल्लं ते लिहून घ्यायचं, हे माझं, तिथल्या नर्सचं, काम. बाटली कोमट आहे ना तेही बघते. पूर्वीच्या एका पठ्ठ्यानं नळाचं पाणी दिलं होतं. म्हटलं, "फारच निर्मळ आहेस रे."

घुम्या नेहमी सांगायचा, "घरचं ताजं. बायकोच्या हातचं." या खेपेलाही तेच.

पण आकडा दुप्पट आला. जोडीदाराचा मात्र ठीक. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असाच आला तर याला रंगाच्या खोलीतून काढून गोदामात बसवा. गोदामात म्हणजे दिवसभर एकट्यानं खोक्यांना पट्ट्या चिकटवायच्या. घुम्याचा चेहरा उतरला. जोडीदाराशी तो बोलायचा नाही, पण अकरा वर्षं त्याच्या शेजारी उभा होता.

मी त्याला बोलावलं. "मास्क नाकावर लावतोस की दागिना म्हणून गळ्यात?"

"नाकावर, ताई."

"मग थिनर पितोस का?"

हसला नाही.

"काल काय जेवलास?"

"घरचं."

"घरचं म्हणजे काय, नाव घे."

त्यानं मास्कची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "ब्रेड. सॉस लावून. आणि बाटलीतलं सरबत."

"परवा?"

"तेच. जॅम होता."

"बायको संपावर गेली की काय?"

बोलले आणि जीभ चावली. त्यानं सांगितलं, बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, दोन महिन्यांसाठी. पाच झाले. फोन येतो, पण नातू रडला की बंद होतो. हे त्यानं जोडीदारालाही कळू दिलं नव्हतं.

सॉस-सरबत टिकावं म्हणून जे घालतात, त्यानंही हाच आकडा चढतो. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बाटलीबंद काही नको, मग पुन्हा तपासू.

"भाताला पाणी किती घालायचं, ताई?" घुम्यानं विचारलं. मी सांगितलं.

आकडा उतरला. रंगाची खोली राहिली.

"सुटलास," मी म्हटलं. "आता सहा महिन्यांनी ये."

तो उठेना.

"या आठवड्याला नाही का?"

"कशाला? सगळं बरं आहे की."

"नाही, ते जेवणाचं लिहून घेता ना तुम्ही..."

मी कोरा कागद ओढला. "बस. काल काय खाल्लंस?"

"भात."

"बरोबर काय?"

"नुसता."

"करपला होता?"

"थोडा."

तेही लिहिलं.