पहिलटकरीण

पाचव्या महिन्यात लेकरू गेलेल्या बाईला तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारलात? आठवून सांगा. ‘काय उचललं होतंस?’ हाच ना?

मलाही तोच विचारला. मी पाण्याचा हंडा उचलला होता. रोजच उचलत होते. पण त्या दिवसापासून माझ्या सासरी, वारंगा फाट्याजवळच्या आमच्या गावात, तो हंडा गुन्हेगार ठरला आणि मी त्याची साथीदार. खरं तर कळा आल्याच नव्हत्या. दोन दिवस ओटीपोट जड होतं, कंबर भरून आली होती, आणि मग न्हाणीत सगळं संपलं. कळा नसताना असं कसं झालं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझा बाप पत्रकं वाटणारा माणूस. त्या पातळ पिवळ्या कागदांवरच मी अक्षरं लावायला शिकले. ‘गप्प बसू नका’ हे मी पाढ्यांच्या आधी पाठ केलं असेल. सासरही चळवळीतलंच. सासरे निवृत्त शिक्षक, जयंतीच्या सभेत बायकांच्या हक्कांवर तासभर बोलायचे. ते भाषण ऐकूनच बापानं स्थळ पसंत केलं होतं.

वर्षभरानं पुन्हा दिवस राहिले. वसमतला दवाखान्यात नाव घालायला मी आणि नवरा निघालो, तेव्हा सासऱ्यांनी ओट्यावरूनच बजावलं, “मागचं उकरून काढायचं न्हाई. पहिलटकरीण सांगा.”

“काहून, मामा?”

“तिथं बाकड्यावर आपल्याच भागातल्या चार बाया बसलेल्या असतात. सुनेत खोट हाय म्हणून गावभर करतील.”

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कितवी खेप?” नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, “पहिलीच.” कुणी माझ्या तोंडावर हात ठेवला नव्हता. बाईंनी कार्डावर तसं लिहिलं आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. पहिलटकरणीत काळजीसारखं त्यांना काय दिसणार?

पाचव्या महिन्यात एका सकाळी धुणं पिळताना तोच जडपणा आला. ओळखीचा. मी पिळा तसाच टाकला आणि नवऱ्याला म्हणाले, “एसटी धरायची. आत्ताच.” वसमतपर्यंत मांड्या आवळून बसले, जणू तेवढ्यानं ते थांबणार होतं.

तपासताना बाईंचा हात थांबला. “ही पहिली खेप नाही ना?”

मी सगळं सांगितलं. हंड्याचंही.

“हंड्याचा काय संबंध! काही बायांच्या पिशवीचं तोंड कमजोर असतं. कळा न येताच उघडतं. आत्ताही उघडायला लागलंय. मागचं सांगितलं असतंस तर तिसरा महिना सरल्यावरच टाका घातला असता. आता घालते, पण हमी देत नाही.” हातमोजे काढताना त्या म्हणाल्या, “शिकलेली आहेस ना गं तू?”

टाका पडला. घरी पलंगाच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा ठेवून मला निजवलं. लघवीला उठले की आधी खाली बघायची, पाणी आहे का, रक्त आहे का. खोकला आला तरी हातानं पोट खालून धरायची. शेजारीण बघायला आली तेव्हा सासू तिला म्हणाली, “वरचं तोंड बंद ठिवता आलं असतं तर खालचं उघडलं नसतं. बाईनं टाका चुकीच्या जागी घातला बघ.”

शेजारीण खदखदून हसली. मलाही हसू येत होतं, पण पोटावर ताण येईल म्हणून गिळलं. खरं तर सासू म्हणाली त्याच्या नेमकं उलट झालं होतं. वरचं तोंड मी बंद ठेवलं, म्हणून तर खालच्याला टाका उशिरा पडला.

मग सासऱ्यांना आणखी एक खटकलं. “महापुरुषांच्या फोटोकडं पाय वर करून निजणं बराबर दिसत न्हाई.”

“मग फोटो उशाकडं लावा, मामा.”

फोटो हलले नाहीत. मीही नाही.

नववा लागल्यावर टाका काढला आणि चौथ्या दिवशी मुलगी झाली. लहानखुरी, पण रडली खणखणीत. सासरे खोलीच्या दारात पेढे वाटत होते. “पहिलटकरीण हाय, पण सुखरूप सुटली.”

“दुसरी खेप, मामा,” मी खाटेवरून म्हणाले. त्यांना ऐकू गेलं, कारण हात क्षणभर पेढ्यांच्या पुड्यावरच राहिला. मग त्यांनी पुढच्या माणसाला पेढा दिला.

त्या पहिल्या लेकराची नोंद कुठंच नाही. कार्डावर नाही, घरात नाही, सासऱ्यांच्या तासभराच्या भाषणात तर नाहीच. बापानं वाटलेल्या पत्रकांत जमीन होती, पाणवठा होता, शिक्षण होतं; पिशवी हा शब्द एकदाही नव्हता. आमच्या लोकांना तो छापायची लाज वाटली आणि मला बोलायची.

म्हणून आता मी छापते. तुमच्या घरातल्या बाईचं असं लेकरू गेलं असेल, तर पुढच्या खेपेला दुसरा महिना लागताच तिच्यासोबत दवाखान्यात जा. बाकड्यावर कोण बसलंय ते बघू नका. ‘कितवी खेप?’ विचारलं की खरा आकडा सांगा. मागचं लेकरू कितव्या महिन्यात गेलं, कळा आल्या होत्या का, हे कार्डावर लिहून घ्या. लिहिलेलं वाचून बघितल्याशिवाय तिथून उठू नका.