मामाला मी गडी म्हणालो

आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडे याचं कोणाला काही वाटत नाही. भाचा पाळण्यात असो की मिशा फुटलेला, मामा वाकणारच. भाच्यानं चुकून मामाच्या पायाला हात लावला, तर मामा विंचू चावल्यासारखा मागे सरकणार. पुण्याच्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. पण एकदा एका परक्या बाईंना ते सांगायचं मी टाळलं, आणि त्याची लाज इतक्या वर्षांनंतरही गेलेली नाही.

माझा मामा रामाकोन्याजवळच्या एका खेड्यात राहायचा. संत्र्याची चारशे झाडं, स्वतःची विहीर, विहिरीवर पंप. माझे वडील पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तर. आमच्या घरी पुस्तकं भरपूर होती, जमीन मात्र तुळशीच्या कुंडीत मावेल तेवढीच. तरी कमी लेखलं जायचं ते मामाला, कारण मामा खडी गंमतीत बाई व्हायचा. खडी गंमत म्हणजे आमच्याकडचा तमाशाच म्हणा. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणंवाला सगळे उभ्यानं गाणार आणि बायकांची कामं पुरुषच करणार. मामा लुगडं नेसून, नाकात नथ घालून उभा राहिला की पार बोरगावपासून माणसं गाड्या जुंपून यायची. वडील आईला म्हणायचे, "तुहा भाऊ नाचते, अन् शाळेत मले आयकून घ्या लागते." आई भाजी चिरत राहायची.

मला नाटकात जे काही काम करता येत होतं, ते मामाकडून आलं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत विहिरीच्या काठावर तो मला चालायला शिकवायचा. डोक्यावर भरलेली घागर आहे असं समजून चालायचं, पण घागरीची काळजी तोंडावर दिसली की पुन्हा पहिल्यापासून. नागपूरला कॉलेजात मी नाटकाची बक्षिसं घ्यायला लागलो. कोणी विचारलं, कुठे शिकलास, की मी म्हणायचो, असंच, आपलं निरीक्षण.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी एका प्राध्यापकांनी इंग्लंडमधल्या विद्यापीठांची माहितीपत्रकं हातात ठेवली. परदेशी विद्यार्थी म्हणून मी दोन ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणी नाटकं वाचायची आणि त्यांवर निबंध लिहायचे. वडिलांना ते पसंत होतं, त्यातून निदान प्राध्यापक होता येतं असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे तीन वर्षं नुसता अभिनय, म्हणजे आवाज, चाल, उभं राहणं, आणि त्याची रीतसर पदवी. शिष्यवृत्तीही तिथेच होती. मला तेच हवं होतं. त्यांच्या अर्जात एक प्रश्न होता, तुमच्या प्रदेशातल्या कोणत्या कलेशी तुमचा संबंध आहे? काखेत कळसा असून मी दोन दिवस गावाला वळसे घातले. शेवटी लिहिलं की आमच्याकडच्या एका लोककलावंताकडून मी धडे घेतले आहेत. 'माझा मामा' एवढे दोन शब्द लिहायला हात धजला नाही. वाटलं, तिथले लोक म्हणतील, हा तर नाच्याचा भाचा.

उत्तर आलं. त्यांच्या एक अध्यापिका हिवाळ्यात नागपूरला येणार होत्या. त्या मला भेटतील, आणि जमल्यास त्या कलावंताचं काम त्यांना पाहायचं आहे, असं लिहिलं होतं.

नागपूरहून भाड्याच्या ॲम्बॅसिडरमधून मी बाईंना घेऊन मामाच्या गावी आलो. बाई पन्नाशीच्या, पायात जाड बूट, आणि रस्ताभर त्यांचे प्रश्न चालू. मामानं सकाळीच बागेत सतरंजी अंथरून ठेवली होती. मामी नवं पातळ नेसून चहाच्या तयारीला लागली होती. ढोलकीवाला येऊन बसला होता. मामा तर सजूनच उभा होता, हिरवं लुगडं, मोठा अंबाडा, तोंडाला रंग. मी गाडीतून उतरलो, तो पुढे आला आणि वाकून त्यानं माझ्या पायांना हात लावला. नेहमीसारखाच.

बाई थबकल्या. पन्नाशी उलटलेला माणूस बावीस वर्षांच्या पोराच्या पायाशी वाकलेला पाहून त्यांनी मनाशी काय हिशेब केला असेल, ते मला दिसत होतं. त्यांनी हलक्या आवाजात मला विचारलं, हा तुमच्याकडे कामाला आहे का?

एक वाक्य पुरलं असतं. हा माझ्या आईचा भाऊ, आमच्याकडे अशीच पद्धत आहे. तेवढं इंग्रजी मला नक्की येत होतं. मी खाली पाहिलं आणि म्हणालो, "हो. आमच्या बागेत गडी आहे."

आमच्या बागेत! झाडं मामाची, विहीर मामाची, मी ज्या सतरंजीवर उभा होतो ती मामाची. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात, मी तर घरच आपल्या नावावर करून मोकळा झालो.

मग मामानं काम केलं. बाजारात बांगड्या भरायला गेलेली बाई त्यानं उभी केली. ती कासाराशी भांडते, लाडात येते, आणि हातात चढता चढता बांगडी फुटते. समोर ना कासार होता, ना बांगडी. पाहुण्या बाई आधी खो खो हसल्या, मग लिहायचं विसरून वही मांडीवर ठेवून नुसत्या बघत राहिल्या. काम संपल्यावर मामीनं चहा आणला. मामा आपला झाडाखाली उभा होता. बाईंनी रिकामी खुर्ची दाखवून त्याला बसायला सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं, चालेल ना, अशा नजरेनं. मी मान हलवली. मामाला त्याच्याच खुर्चीवर बसायची परवानगी मी दिली.

मार्चमध्ये पत्र आलं. प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीही मिळाली होती. दुसऱ्या पानावर आणखी एक मजकूर होता. त्या कलावंताला पुढच्या वसंतात दोन आठवडे विद्यापीठात बोलवायची त्यांची इच्छा होती. जाण्यायेण्याचा खर्च ते करणार होते. मालक म्हणून आपण त्याला तेवढे दिवस सोडू शकाल का, असं मला विचारलं होतं.

अजूनही खरं सांगता आलं असतं. बाई उलट खूश झाल्या असत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मग आपण खोटं बोललो हेही लिहावं लागणार, आणि शिष्यवृत्ती हातची जाईल अशी भीती वाटली. याहून मोठी भीती दुसरीच होती, आणि ती लिहायला आज मला बरं वाटत नाही. मामा तिथे आला, तर मी तिथेही नाच्याचा भाचा होणार होतो. मी उत्तर लिहिलं की मृग बहाराच्या संत्र्यांची तोडणी नेमकी त्याच दिवसांत येते, त्यामुळे त्याला सोडणं जमणार नाही. त्याच पाकिटातून मी माझा होकारही पाठवला. वडिलांनी गावात सांगितलं, पोरगा साहित्याच्या उच्च शिक्षणाला चालला. माझ्या खोट्यापुढे त्यांचं खोटं म्हणजे काहीच नव्हतं.

निघायच्या दिवशी पांढुर्ण्याच्या फलाटावर आम्ही सगळे उभे होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात ती गोटमार नुकतीच होऊन गेली होती, सावरगावची दोन माणसं डोक्याला पट्ट्या बांधून बाकावर बसली होती. आई पिशव्यांच्या गाठी तपासत होती. मामा सकाळच्या बसनं आला, पाया पडला, आणि मला नळापाशी बाजूला घेऊन गेला.

"भाचेबुवा, एक गोष्ट सांगाची होती," तो म्हणाला. "ते बाई आली तवा तिनं तुले माह्याबद्दल काही इचारलं, अन् तू तिले काही सांगितलं."

मी सारवासारव करायला गेलो. "मामा, ते असं झालं..."

"इंग्रजी मले येत नाई बावा. पण तोंड त वाचता येते. तीस वर्षं झाले, लोकायचे तोंडं पाहूनच काम करून राहिलो. तू खोटं बोलला, अन् बोलतानी तुही नजर खाली गेली. आता तिथं हेच शिकाले चालला नं? मंग ध्यानात ठेवजो. खोटं बोलतानी नजर खाली नाई जाऊ द्याची. पाहणाऱ्याले तिथंच समजते."

विहिरीच्या काठावर माझी चाल सुधारताना असायचा तोच त्याचा आवाज होता, रागाचा मागमूसही नाही. त्यानं कानाखाली वाजवली असती तर मी सुटलो असतो. क्षमा मागायची सोडून मी नळाच्या तोटीकडे बघत राहिलो.

मग त्यानं जरा संकोचूनच विचारलं, "अन् त्या चिठ्ठीत बाईनं माह्याबद्दल काही लिहलं होतं काय?"

मी मान वर केली. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणालो, "नाई मामा. काईच नाई लिहलं."

माझी नजर जराही खाली गेली नाही.

तो माझ्याकडे पाहत राहिला. "लवकर शिकला," तो हळूच म्हणाला. तेवढ्यात गाडीचा सिग्नल पडला. त्यानं माझी ट्रंक उचलून खांद्यावर घेतली, आणि मी त्याच्या मागे रिकाम्या हातानं चालत डब्यापर्यंत गेलो.