माळकऱ्याच्या हातात बोंबील

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ऑफिसला जाताना मासळी बाजार जवळ आला की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालायचो. बाजारात माझी वहिनी पाटी घेऊन बसायची. धाकटी डहाणू गावातल्या आमच्या घरात तिनेच मला लहानाचं मोठं केलं, मासळी विकून शिकवलं. आणि मला सरकारी खुर्ची मिळाल्यावर, ती माझी कोण लागते हे सोबतच्या लोकांना कळू नये, याची मी काळजी घ्यायला लागलो. पलीकडे का जातोस असं कोणी विचारलंच कधी तर सांगायचो, तिकडे सावली असते.

२०१६ साली वहिनीला इन्सुलिन सुरू झालं. गोळ्यांना साखर दाद देईना. डॉक्टरीणबाईंनी सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी सुई सांगितली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वेळा तुम्ही सांभाळा. सुई घेतली की अर्ध्या तासात खाल्लं पाहिजे. उशीर झाला तर साखर एकदम उतरते, माणूस बेशुद्धही पडतो."

सुईचं वहिनीला काहीच वाटलं नाही. "शिंगाळ्याचा काटा बोटात घुसतो ना, त्यापुढे ही मुंगी," म्हणाली. पहिली बाटली मात्र तिने ताजी राहावी म्हणून मासळीच्या बर्फात पुरली. सकाळी बघतो तर दगड. गोठलेलं औषध चालत नाही, फेकून द्या, असं बाईंनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पापलेटापेक्षा नाजूक आहे म्हणायचं."

रात्रीचं जमलं. तोवर आमच्याकडे दादाची होडी लागली की जेवण, म्हणजे भरती-ओहोटी ठरवील ती वेळ. आता दादा आला नाही तरी तिचं ताट घड्याळाप्रमाणे वाढायचं ठरलं. भात वाटीने मोजून. भाव निम्मा पाडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी ती त्या वाटीकडे बघायची, पण जेवायची.

अडलं ते सकाळी. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाल्याशिवाय ती कोऱ्या चहापलीकडे तोंडात काही घालत नसे. तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आईने, घालून दिलेली रीत. सुई घरी घ्यायची, भाकरी फडक्यात बांधून बाजारात न्यायची आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची.

"घरीच खाऊन निघ ना," मी म्हटलं.

"आणि पाटी तशीच परत आणू? तू खाशील सगळी?"

"मग मीच येऊन पहिलं घेतो."

"घरच्याच्या हातची भवानी धरत नाहीत, भाऊ."

खरं सांगतो, हे ऐकून मला बरं वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात व्हायचं ते झालं. मी दोघा साहेबांबरोबर पलीकडच्या कडेने चाललो होतो. वहिनी पाटीच्या काठावर डोकं टेकून बसलेली दिसली. झोप लागली असेल, असं मनाला सांगितलं आणि पुढे गेलो. ती झोप नव्हती. ती घामाने निथळत होती, सुटे पैसे देताना हात थरथरत होते. शेजारच्या मासळीवालीने साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. संध्याकाळी घरी कळलं तेव्हा मीही इतरांसारखंच विचारलं, "कधी झालं हे?"

दुसऱ्या दिवशी मी तलासरीकडच्या झरीहून येणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला गाठलं. रोज बाजार उघडताच तू जायचं, पहिली मासळी घ्यायची, पैसे मी देईन. तो गळ्यातली तुळशीची माळ चाचपत म्हणाला, "अरे, मी मासळीच्या वासालाही उभा राहत नाही." पण वहिनीच्या दुखण्याचं ऐकून कबूल झाला. शर्टाचं वरचं बटण लावून, हात लांब धरून तो पिशवी आणायचा. घरी नेली असती तर वहिनीने आपली मासळी ओळखली असती, म्हणून ती पिशवी आमच्या ऑफिसच्या वॉचमनच्या घरी जायची. त्याची बायको मला दुवा द्यायची.

इकडे वहिनी खूश. "सुई लागल्यापासून भवानी कशी लवकर होते बघ," म्हणायची आणि विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या दिशेने हात जोडायची. मी ताटात बघायचो.

बरेच महिने असं चाललं. मग एक दिवस तो सहकारी तापाने पडला आणि मला निरोप उशिरा मिळाला. मी ऑफिसातून धावत सुटलो, पण बाजाराच्या कोपऱ्यावर थबकलो. पलीकडून बघितलं. वहिनी निवांत भाकरी खात होती, पाटी अजून भरलेलीच.

रात्री तिनेच विषय काढला. "तुझा माळकरी आला नाही आज."

"कोण माळकरी?" मी विचारलं.

"बोंबील डोळे मिटून घेणारं गिऱ्हाईक कुठे असतं का रे? त्यात वाकला की माळ बाहेर. पहिल्याच आठवड्यात विचारलं त्याला. बिचारा खोटं बोलेना."

"मग गप्प का राहिलीस?"

"वॉचमनची पोरं खात होती ना. आणि मला वाटलं, त्याला पाठवून कंटाळशील, मग स्वतः येशील." तिने वाटीतला उरलेला भात ताटात घेतला. "आज भवानीआधीच खाल्लं. पाटी खपली रोजच्यासारखी. आता मी खाऊनच निघेन. भवानीसाठी नको, पण दुसरं गिऱ्हाईक म्हणून ये कधीतरी."

"येतो," मी म्हटलं.

तेव्हापासून ती घरीच सुई घेते, घरीच भाकरी खाते, आणि साखर ताब्यात आहे. मीही आता रस्ता ओलांडत नाही, तिच्याच कडेने जातो. पण चालत जातो, थांबत नाही. त्या सकाळी तिला पाहून पुढे गेलो हे तिला सांगायचं बाकी आहे. आणि साहेबांच्या देखत तिच्या पाटीसमोर उकिडवं बसून "वहिनी, बोंबील दे" म्हणणं, तेही बाकी आहे.