आबांना अर्ध्या तासात धरायचं का?

घरात टीव्ही कमी केला आणि किस्से वाढले! ऑफिसात डबा उघडायच्या आधी मैत्रिणी विचारतात, "आज काय केलं ओवीनं?"

ओवी म्हणजे आमचं चार वर्षांचं रत्न. टीव्ही आणि मोबाईल मिळून दिवसाला अर्धा तास, असा कायदा मी केला. तो मोडण्यात सगळं घर सामील आहे.

*

आता एवढ्याशा पोरीला अर्धा तास कसा कळणार? म्हणून मी कुकर नेमला. डाळीच्या पाच शिट्ट्या झाल्या की टीव्ही बंद!

दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी कुकर लावायला घेतला, तर शिट्टीच गायब! मी आणि नितीननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्वयंपाकघर पालथं घातलं. शेवटी ती ओवीच्या उशीखाली सापडली.

"मम्मी, हळू! शिट्टी झोपून राह्यली."

"पोरगी डोकेबाज हाय!" नितीन म्हणाला. कौतुकानं, बरं का! मी दोघांनाही पातेल्यातली कच्चट डाळ वाढली.

*

माझे सासरे, आबा, अकोटला असतात. आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये गेलं, त्यामुळे आवाज मशीनच्या वरचा. रोज संध्याकाळी सहाला त्यांचा व्हिडिओ कॉल. नातीनं आपल्याशी दोन शब्द बोलावेत, एवढीच त्यांची हौस.

एकदा मोबाईलवर कार्टून ऐन रंगात आलं आणि त्यावर आबा उगवले. ओवी त्यांच्या हनुवटीवर बोट आपटायला लागली.

"काय करून राह्यली वं माय?"

"तुमाले स्किप करून राह्यली!"

पाच सेकंद थांबली बिचारी. आबा काही जाईनात!

*

त्यावरून आमचं भांडण पेटलं. आबांचा कॉल अर्ध्या तासात धरायचा की नाही? नितीन म्हणे, "ते माह्ये वडील हायेत, कार्टून नाही!" मी म्हटलं, स्क्रीन ती स्क्रीन. धरायचा!

दुसऱ्या दिवशी आबा नुसते "जेवली का वं?" म्हणाले, तर ओवी रडकुंडीला आली. "आबा, लवकर बोला न! तुमच्यात माहं कार्टून संपते!"

"काहून वं सूनबाई, मी काय जाहिरात हावो?" आबांनी फोन ठेवला. दोन दिवस कॉल नाही. मला फार वाईट वाटलं. कायदा माझाच होता ना!

*

तिसऱ्या दिवशी आबा स्वतःच एसटीनं आले आणि थेट आपल्या मालिकेसमोर बसले. मालिकेत लग्न. नवरी हार घालणार, तेवढ्यात टीव्ही बंद! रिमोट ओवीच्या हातात.

"आबा, अर्धा घंटा झाला."

आबांनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. "मोठ्या माणसाले बी?"

"सगळ्याइले!" ओवी म्हणाली.

मग करणार काय? दोघं गॅलरीत बसले. आबांनी जिनिंगमधल्या वानराची गोष्ट सुरू केली. ते कापसाच्या ढिगात पडलं, पांढरं फटक होऊन बाहेर आलं आणि त्याची बायको त्याला ओळखेना! ओवीनं ती चार दिवसांत तीसेक वेळा ऐकली असेल. वानर दर वेळी नव्यानं पडायचं. रिमोट सोफ्याखाली गेला, तो कुणी शोधलाही नाही.

*

रविवारी आबा अकोटला परतले. सोमवारी बरोबर सहाला कॉल. मी कायदा बदलला होता, आबा मोजायचे नाहीत! मोठ्या उत्साहानं फोन ओवीसमोर धरला. स्क्रीनभर आबांचं कपाळ.

"ओळखलं का वं मले?"

ओवीनं नीट पाहिलं आणि फोन माझ्याकडे ढकलला. "हा आबा नोको."

आबांचा चेहराच पडला. जिनिंगमधला तो आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. "काहून वं माय?"

"याले मांडी नाही!"

मग स्क्रीनवर नुसता अकोटचा पंखा दिसायला लागला, आणि कुठूनतरी लांबून आबा ओरडले, "सूनबाई, मी निंगालो!"