अर्ध्यावर थांबणारं शटर

आमचा धाकटा पासष्टीला आला तरी मी त्याला धाकटाच म्हणते. आधी माझे दात पडले, मग त्याचे पडले, पण पाठचा भाऊ तो पाठचाच. धंदा लोखंडी शटरचा. दुकानांची गुंडाळायची शटरं बसवायची, अडकलेली सोडवायची, वरच्या नळीतली स्प्रिंग ढिली पडली की पीळ देऊन ताणायची. आमच्या वडिलांचंही हेच काम होतं. बाजारातली निम्मी दुकानं सकाळी आमच्या घरच्या हाताने उघडतात, असं ते म्हणायचे. धाकट्याची बायको म्हणते, सगळ्यांची शटरं उघडली, नवऱ्याचं तोंड तेवढं उघडायचं राहिलं.

वडिलांच्या उजव्या हाताच्या एका बोटाचं पेर नव्हतं. तरुणपणी ते शिडीवर चढून स्प्रिंगला पीळ देत होते, तेव्हा खालून दुकानदार म्हणाला, "वा मिस्त्री, काय हात आहे तुमचा." वडिलांनी खाली पाहिलं, लोखंडी दांडा सटकला आणि पेर गेलं. दुकानदाराने बिचाऱ्याने कौतुकच केलं होतं. पण त्या दिवसापासून आमच्या दुकानात नियम झाला: काम चुकलं तर बोलायचं, बरोबर असलं तर गप्प बसायचं. कौतुकाने हात ढिला पडतो, म्हणे. शटर पाहायची रीतही ठरलेली. एका बोटाने उचलायचं आणि अर्ध्यावर सोडायचं. जिथे सोडलं तिथेच थांबलं तर काम पास. मग हत्यारं पिशवीत भरायची आणि निघायचं, एक शब्दही न बोलता. ते गप्प बसणं म्हणजेच बक्षीस. आम्हा घरच्यांना ते कळायचं, कारण आम्ही त्यात जन्मलो होतो.

धाकट्याच्या मुलालाही ते कळेल, असं धाकट्याने धरून चालावं, यात नवल नाही. त्याला स्वतःला ते कोणी समजावलं नव्हतं.

पोरगा शाळेत यथातथाच होता. हात मात्र असे की लोखंडाने त्याचं ऐकावं. दहावी झाली आणि बापाने त्याला कामावर घेतलं. दिवसभर दोघं एकत्र, आणि बापाच्या तोंडून तीनच शब्द: धर, ओढ, सोड. पोरगा मला म्हणायचा, "आत्या, बैलालासुद्धा याहून जास्त शब्द लागतात गं."

भावजयीने एकदा जेवताना विषय काढला. "अहो, त्याला कधीतरी बरं म्हणा. वाढत्या वयाचं पोर आहे."

धाकटा म्हणाला, "काम बरं नसतं तर बोललो असतो."

"म्हणजे ते बरं आहे."

"मग मी बोलतोय का?"

झालं, वाद मिटला. पोरगा ताटात बघत होता.

आमच्या मागच्या गल्लीत एकाने व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. सगळी पोरं त्याला मामा म्हणायची. त्याला सख्खी ना चुलत, कसलीच बहीण नव्हती, पण भाचे मात्र गल्लीभर. दुकान नावाला. समोरच्या बुटक्या भिंतीवर पोरं बसलेली असायची, आणि हातगाडीवाल्यांना दमात घेणं, पलीकडच्या गल्लीतल्या पोरांशी मारामाऱ्या करणं, असे उद्योग तिथून चालायचे. आम्ही बायका भाजीला जाताना ती भिंत टाळून जायचो.

पोरगा अठरा-एकोणीसचा असताना एक दिवस मामाचं शटर मध्येच अडकलं. धाकटा दुसऱ्या कामावर होता, म्हणून पोरगा एकटाच गेला. शटर जिच्यातून सरकतं ती बाजूची वाकलेली खाच सरळ केली, स्प्रिंगला पीळ दिला, ग्रीस लावलं. मामाने एका बोटाने शटर उचललं, अर्ध्यावर सोडलं. थांबलं. मामाने टाळी वाजवली. भिंतीवरच्या सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मामा म्हणाला, "अरे, हा तर उस्ताद निघाला. सरका रे, उस्तादला बसू द्या." आणि पोरं सरकली.

हे मला पोरग्यानेच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी. तो म्हणाला, "आत्या, टाळ्यांचं काही नाही गं. ती पोरं सरकली ना, तिथेच मी गेलो."

त्या दुपारी घरी येऊन त्याने बापाला सांगितलं, "मामाचं शटर एकट्याने केलं."

"ग्रीस दोन्ही बाजूंना लावलंस?"

"लावलं."

"मग जेव."

आता गंमत अशी की त्याच संध्याकाळी धाकटा वाट वाकडी करून मागच्या गल्लीत गेला होता. समोरच्या फुटपाथवर उभा राहून मामा शटर पाडतो कधी ते बघत राहिला. शटर जराही न कुरकुरता खाली आलं. मग तो माझ्याकडे आला, पाणी मागितलं आणि म्हणाला, "ताई, हात बसला त्याचा. माझ्याहून हलका आहे."

मी म्हटलं, "अरे, मग हे त्याला सांग ना. मला काय, मी थोडीच शटरं लावणार आहे."

"आत्ताच नको. बोट जाईल त्याचं."

दुसऱ्या दिवशी मीच पोराला बाजूला घेऊन सांगितलं, की तुझा बाप असं असं म्हणाला. तो हसला. "आत्या, तू सगळ्यांनाच चांगलं म्हणतेस. परवा त्या दुधवाल्यालासुद्धा राजबिंडा म्हणालीस." दुधवाल्याबद्दल त्याचं बरोबर होतं.

मग पोरगा भिंतीवर दिसू लागला. आधी काम संपल्यावर, मग काम सोडून. घरात तो 'धर' होता, तिथे उस्ताद होता. मामा गोडबोल्या. एकाला म्हणायचा तुझ्यासारखं धावणारा पाहिला नाही, दुसऱ्याला म्हणायचा तुझा आवाज म्हणजे वाघाचा. त्या भिंतीवरच्या एकाचा बाप परगावी कामाला होता, एकाला शाळेने काढून टाकलं होतं, एकाच्या घरी झोपायला पाळी लावावी लागायची. मारामारीची हौस घेऊन कोणी आलं नव्हतं. कोणीतरी जागा करून दिली म्हणून बसली. आणि एकदा बसलं की उठायचं कसं, ते कोणी शिकवत नाही. एकजण उठला होता. त्याच्याच सोबत्यांनी त्याचं नाक फोडलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याला शेजारी बसवून घेतलं.

धाकट्याला हे दिसत नव्हतं असं नाही. तो एकदा त्या भिंतीपाशी गेलाही. सगळ्या पोरांसमोर उभा राहून मुलाला काय म्हणाला, तर, "काम आहे. चल, धर."

पोरं हसली. मामा म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या मुलाला नाव आहे हो." पोरगा जागचा हलला नाही. धाकटा पिशवी उचलून एकटाच कामावर गेला आणि दोघांनी चढवायचं जड शटर त्याने एकट्याने चढवलं. चार दिवस पाठ शेकत पडला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी बाजारातलं मोबाइलचं मोठं दुकान फुटलं. राखणदार म्हातारा होता. त्याला कोणीतरी ढकललं, त्याचा हात मोडला आणि तो पुढे कधी धड सरळ झाला नाही. ते मी आधी सांगते, कारण पुढचं ऐकताना लोकांना हसू येतं.

पोलिसांनी धाकट्याला बोलावलं. शटरला ना ओरखडा ना पोचा, तर उघडलं कसं ते मिस्त्रीने सांगावं म्हणून. दुकानदार डोक्याला हात लावून बसला होता. म्हणाला, "काय सांगू, हे शटर दोन माणसं लावल्याशिवाय वर जात नव्हतं. किती दिवस तुम्हाला बोलवीन बोलवीन म्हणत होतो. आज सकाळी हात लावला तर पिसासारखं वर गेलं."

धाकट्याने एका बोटाने शटर उचललं. अर्ध्यावर सोडलं. थांबलं. त्याने बाजूची खाच बघितली, तर वाकलेली होती ती सरळ केलेली. ग्रीस दोन्ही बाजूंना. बाकीचे माल बाहेर काढत होते तेवढ्या वेळात आत कोणीतरी शटर दुरुस्त करत होतं. वाईट चालणारं शटर तसंच सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं असावं. चोरी करायला आला आणि मजुरी फुकट देऊन गेला.

धाकट्याचं मन कुठे गेलं, देव जाणे. त्याचा चेहरा उजळला म्हणे. ज्याने आयुष्यात कोणाच्या कामाला बरं म्हटलं नव्हतं तो साहेबांकडे वळून म्हणाला, "चोख काम आहे. या भागात असं काम दोघंच करतात. एक मी."

साहेबांनी विचारलं, "आणि दुसरा?"

धाकटा पुढे बोलला नाही. पण बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं की त्याच्या हाताखाली एकच माणूस शिकलाय. दुपारपर्यंत पोलीस घरी आले. पोरगा जेवत होता. भावजय म्हणाली, "त्याला भात तरी संपवू द्या," आणि त्यांनी संपवू दिला, तेवढी माणुसकी त्यांच्यात होती.

मग गल्लीतला प्रत्येकजण एकेक कारण घेऊन दारात आला. कोणी म्हणालं मोबाइलचा नाद, कोणी म्हणालं संगत, कोणी म्हणालं फार लाड केले. लाड म्हणणाऱ्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. पोरग्याला शिक्षा झाली, ज्याने राखणदाराला ढकललं त्यालाही झाली. मामा सुटला. त्याने कधी कुठल्या शटरला हातच लावला नव्हता. तो फक्त 'वा' म्हणायचा.

तुरुंगात भेटायला धाकट्याबरोबर मीच गेले. जाळीच्या पलीकडे पोरगा, अलीकडे आम्ही. धाकटा वाटभर ओठ हलवत होता, पाठ करतोय असं वाटत होतं. शेवटी म्हणाला, "तुझं काम चांगलं होतं. आधीपासूनच."

पोरगा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "ते तुम्ही साहेबांना सांगितलंत, बाबा."

परत येताना धाकटा मला म्हणाला, "ताई, वडिलांचं एक पेर गेलं. मी ते वाचवायला गेलो आणि अख्खा हात घालवला." इतकं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

सुटल्यावर पोरगा गल्लीत राहिला नाही. लांबच्या गावी एका गोदामात माल चढवतो, उतरवतो. तिथे त्याच्या हातात काय आहे ते कोणाला माहीत नाही, आणि त्याला ते तसंच बरं वाटतं. अधूनमधून येतो, आईजवळ बसतो, जातो. इकडे धाकटा मात्र बदलला. आता दिसेल त्याला बरं म्हणतो. चहावाल्याला म्हणतो चहा झकास, माझ्या नातीला म्हणतो अक्षर मोत्यासारखं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. लोक म्हणतात म्हातारा गोड झाला. भावजय म्हणते, "हे आधी कुठे ठेवलं होतं यांनी?"

गेल्या खेपेला पोरगा आला तेव्हा धाकट्याच्या स्वतःच्या, घराला लागूनच असलेल्या दुकानाचं शटर बिघडलेलं होतं. शटरवाल्याचंच शटर साऱ्या बाजारात सगळ्यात जास्त कुरकुरतं, ही जुनी गोष्ट. आता त्याचे हात कापतात, शिडीवर चढवत नाही. पोरग्याने हत्यारांची पिशवी काढली. मी बाकावर बसून बघत होते. इतक्या वर्षांत त्याने पान्याला हात लावला नव्हता, पण हात विसरला नव्हता. काम झालं, तो खाली उतरला. धाकट्याने एका बोटाने शटर उचललं, अर्ध्यावर सोडलं. थांबलं.

धाकट्याने तोंड उघडलं. पोरग्याने हात वर केला.

"नको, बाबा. कोणी चांगलं म्हटलं की मला तिथून पळावंसं वाटतं. चूक असेल ती सांगा."

धाकट्याने चष्मा पुसला आणि चूक शोधायला लागला. पट्टी न् पट्टी हाताने चाचपली, खाचेत बोट घालून पाहिलं, कान लावून शटर दोनदा वरखाली केलं. पोरग्याने पिशवी खांद्याला लावली होती. कामाच्या बाबतीत धाकटा आयुष्यात खोटं बोलला नव्हता.

"खालची पट्टी," तो म्हणाला, "डावीकडे जरा घासते."

पोरग्याने वाकून शटर हलवलं. पट्टी कुठेच घासत नव्हती. माझ्यासारख्या बाईलासुद्धा ते कळलं. त्याने बापाकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला, "घासते खरी." आणि पिशवी खाली ठेवून त्याने तेलाचा डबा घेतला.

धाकटा स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसला. "डावीकडे. अजून जरा डावीकडे."

आतून भावजयीने विचारलं, "अहो, चहा टाकू का? किती वेळ लागेल तुम्हाला?"

"लागेल वेळ," धाकटा म्हणाला. "काम बाकी आहे."