पडद्याखालचे हात

एसीचा गार झोत पावलांवर आला की मला आखातात नवा आलो तेव्हाची, नजमा वस्तीतली कामगारांची ती खोली आठवते. तिथे प्रत्येकाच्या खाटेभोवती चादरीचा पडदा असायचा, आणि तो ओढलेला असला की आत डोकवायचं नाही, हा खोलीचा नियम. एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मी पडद्याआड तापाने कुडकुडत पडलो होतो; एसीच्या झोताने पाय गारठले होते. सगळं सोडून घरी जायचं ठरवून टाकलं होतं. दुपारी शेजारच्या खाटेवरचे वसईचे अंकल चर्चमधून आले. "जागा आहेस का रे?" असं बाहेरूनच विचारून ते फादरनी सांगितलेली गोष्ट सांगू लागले. फार जुन्या काळी इंग्लंडात एक संत होता, पुढे बिशप झाला. तो रात्रभर एकटाच समुद्राच्या पाण्यात उभा राहून प्रार्थना करायचा. एकदा पहाटे तो किनाऱ्यावर आला, तर पाणमांजरांनी येऊन श्वासाने आणि अंगाच्या केसांनी त्याचे पाय कोरडे केले. "मग?" मी विचारलं. पडदा खालून थोडासा उचलला गेला आणि दोन खरबरीत हात माझे पाय टॉवेलने चोळू लागले. डोकं मात्र त्यांनी आत घातलं नाही. आता त्याच शहराच्या श्रीमंत भागात, वेस्ट बेच्या फ्लॅटमध्ये मी एकटा राहतो. पडदा कुणासाठी लावायचा? तरी झोपताना पाय पांघरुणाबाहेरच ठेवतो.