आठव्या सोमवारपर्यंत सही नाही

डॉ. भास्कर गव्हाणे सरांची आणि माझी पहिली भेट पडेगावच्या प्रयोगशाळेत झाली. रुजू झाले त्याच दिवशी मी पाण्याचे पाच नमुने आणले होते. सरांनी विचारले, "काळे बाई, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली होती का?" दोनदा विसळली होती. मला परत जावे लागले. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्तचा हा लेख गौरवाचा असला, तरी सरांबरोबर काम करणे वैतागाचे आहे, हे नोंदवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मागच्या वर्षी विदर्भातल्या एका कोळसा खाणीचे काम आले. कोळशावरची दगडमाती काढून तिथे डोंगर रचले आहेत. त्यांवर झाडे जगतील का आणि झिरपणारे पाणी चांगले राहील का, हे सांगायचे होते. नमुने घ्यायला आम्ही दोघे गेलो. पायथ्याच्या तळ्यावर गंगापूरकडून मेंढरे घेऊन आलेले सखारामबाबा भेटले.

"सायेब, मेंढरं इथं पाजू का नको, तेवढं सांगा."

तपासणी होईपर्यंत नको, असे सरांनी सांगितले. दुसरे पाणी दोन कोसांवर होते. हातात एकही आकडा नसताना एवढी पायपीट लावणे मला पटले नाही.

पहिल्याच दिवशी नमुन्यांचा सामू, म्हणजे पीएच, सात आला. म्हणजे आम्ल नाही. खाणीची रोपे तयार होती. सर फोन उचलत नाहीत, त्यामुळे अधिकारी रोज मलाच फोन करत. 'लागवडीस योग्य, पाणी निर्धोक' असा अहवाल मी लिहिला. सरांनी सही केली नाही. दगडात लोह-गंधकाचे चकाकणारे कण आहेत, ते हळूहळू आम्ल सोडतात, सोबतचा चुना सध्या ते मारतो आहे. चुना संपला की खरे कळेल, असे म्हणाले.

मग दर सोमवारी दगडाचा नमुना भिजवायचा, निथळलेले पाणी तपासायचे, आठवडाभर वाळू द्यायचे. सात सोमवार सामू सातच. आता थांबवू या, असे मी स्पष्ट सांगितले. "अजून एक सोमवार," सर म्हणाले. हे ते दर सोमवारी म्हणत होते.

आठव्या सोमवारी सामू चारच्या खाली गेला. मी मीटर बदलून पाहिला. आकडा तोच. सरांनी मला काही ऐकवले नाही. सखारामबाबांना कळवा, एवढेच म्हणाले.

बाबा फोनवर म्हणाले, "त्या तळ्याकडं फिरकलोच नाय, बाई. पर रोज दोन कोस चालताना लई शिव्या घातल्या तुमच्या सरांला."

मी हे सरांना जसेच्या तसे सांगितले. "बरोबर आहे," म्हणाले आणि पुढची बाटली घेतली.

खाणीला लिहिलेल्या पत्रात उशिराचा दोष सरांनी स्वतःकडे घेतला. माझ्या पहिल्या अहवालाचा त्यात उल्लेख नाही. म्हणून तो इथे करते आहे.

आता ढिगाऱ्यात चुना मिसळून, वर काळी माती पसरून रोपे लावली आहेत. मुळे खोल गेल्यावर काय होते आणि तळ्याचे पाणी पाजण्याजोगे राहते का, हे कळायला दहा वर्षे लागतील, असे सरांचे म्हणणे. तोवर ते बाबांना हो म्हणणार नाहीत. पंचाहत्तरीच्या सरांनी ते 'हो' स्वतः तळ्यावर चालत जाऊन सांगावे, इतके दीर्घ आणि धडधाकट आयुष्य त्यांना लाभो.